छातीतून घेतलेला गळा

कॅन्सर म्हटलं की माणसं एकच विचारतात, "निघाला ना पूर्ण?" निघाला म्हटलं की त्यांच्या लेखी विषय संपतो, चहा येतो, पावसापाण्याच्या गप्पा सुरू होतात. माझी गाठ निघाली आणि तिथून पुढे खरं काम लागलं. गाठ काढायला एक दिवस पुरला. काढल्यावर गळ्यात जी उघडी जागा राहिली ती बंद होऊन तिच्यातून पुन्हा भाताचा घास खाली उतरायला वर्ष गेलं. या दुसऱ्या कामाबद्दल आजारी पडण्याआधी कोणी सांगत नाही, पडल्यावर विचारायला आवाज नसतो. म्हणून लिहून ठेवतोय.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, चिपळूण आगारात. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारणारा माणूस. २०१९ साली उजवा कान दुखायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर कान ठणठणीत. दुखणं घशात होतं आणि कळ कानात मारत होती. स्वरयंत्राच्या मागे-बाजूला, जिथून अन्ननलिका सुरू होते तिथल्या खोबणीत गाठ होती. तेव्हा स्वरयंत्र वाचवायचं म्हणून लाईट, म्हणजे किरणोपचार, आणि केमो दिली. सात आठवडे, एकूण ७० ग्रे (ग्रे हे लाईटच्या मात्रेचं माप). आवाज घोगरा झाला, पण राहिला. मी पुन्हा खिडकीत बसलो.

२०२२ मध्ये त्याच जागी पुन्हा. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलं काय मागितलं असेल तर लाईटची कागदपत्रं. किती ग्रे, मानेच्या कुठल्या भागावर, किती बैठकांत. आमच्याकडे ती नव्हती. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाईल लगदा होऊन गेली होती. मुलाने जुन्या हॉस्पिटलातून सगळं पुन्हा काढून आणलं. मला तेव्हा वाटलं, झालेल्या उपचाराची एवढी चौकशी कशाला? नंतर कळलं की पुढचं सगळं त्या कागदावर ठरणार होतं. लाईटने गाठ जळते, तशा आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्याही बुजत जातात. वरून कातडी बरी दिसते, हात लावला तर कडक लागते. अशा जागी टाका घालता येतो. तो धरेलच याची खात्री कोणी देत नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र पूर्ण काढलं आणि घशाचा थोडा भागही. श्वासनलिकेचं तोंड मानेच्या खाली, दोन हासळीच्या हाडांच्या मध्ये, कातडीला शिवून दिलं. तेव्हापासून नाकाचा आणि फुफ्फुसाचा संबंध संपला. घशाचं उरलेलं अस्तर पुरेसं होतं, तेच एकमेकांना जोडून नळी बंद केली. नाकातून पोटापर्यंत राईल्स ट्यूब. तोंडाने थेंबही घ्यायचा नाही, थुंकी आली तर बाहेर टाकायची.

आठवडाभर सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस बारीक ताप आला, मानेची उजवी बाजू लाल झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग ओलं निघालं. सिस्टरने गॉज उचलला, वास घेतला, काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली. तोंडातली लाळ आतल्या टाक्यांमधून वाट काढून मानेबाहेर येत होती. आपण दिवसाला साधारण लिटरभर लाळ गिळतो, याचा हिशेब कधी कोणी केलेला नसतो. ती सगळी त्या भोकावाटे येऊ लागली की उशी, शर्टाची कॉलर, खांदा, सगळं भिजतं. आणि लाळेत पचवण्याचे गुण असतात, ती ज्या मांसावरून वाहते त्यालाही सोडत नाही. भोक चार दिवसांत मोठं झालं. आरशात बघू नका म्हणून सांगितलं होतं. मोबाईलचा कॅमेरा होता.

मानेला भोक पडणं हे डॉक्टरांना नवीन नव्हतं. लाईट घेतलेल्या मानेवर स्वरयंत्र काढलं की बऱ्याच जणांना हे होतं, असं त्यांनी आधीच सही घेताना सांगितलं होतं. त्यांची काळजी वेगळी होती. मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी त्या जागेच्या अगदी शेजारून जाते. तिच्यावर दिवसरात्र लाळ पडत राहिली तर तिची भिंत पातळ होऊन फुटू शकते. हे त्यांनी मला आणि हिला दोघांना समोर बसवून सांगितलं, डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून. माझ्या मते असंच सांगायला हवं. नातेवाइकाला दाराबाहेर नेऊन कुजबुजणारे डॉक्टरही मी पाहिले; पेशंटला दारातून सगळं दिसतं आणि तो त्याहून वाईट काहीतरी समजून बसतो.

लगेच शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. आधी जखम साफ व्हायला हवी, अंगात ताकद हवी. रोज दोनदा पॅकिंग. लांब पट्टीसारखा गॉज भिजवून चिमट्याने भोकात भरत जायचा, आधीचा ओढून काढायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आणि प्रोटीन कमी, आणि थायरॉइड अगदीच बसलेलं. मानेला लाईट मिळाली की थायरॉइडलाही मिळते, आणि थायरॉइड कमी असेल तर जखम भरत नाही. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी गोळी, तीही कुटून ट्यूबमधून. ती आजही चालू आहे. मानेला लाईट घेतलेल्या कोणालाही मी हेच आधी विचारतो, थायरॉइडची टीएसएच केव्हा तपासलीत?

खाणं म्हणजे ५० मिलीची सिरिंज. दर दोन तासांनी नाचणीची पातळ आंबील, दुधात फेटलेलं अंडं, मुगाचं कढण, डाळीचं पाणी. हिने मेव्हण्याच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात दोन गाळण्या ठेवल्या होत्या, एक चहाची आणि एक माझी. जरा कण राहिला की ट्यूब तुंबते, मग कोमट पाणी जोराने मारायचं. पोट भरतं, जिभेला काही कळत नाही. शेजारच्या खोलीत सुकट भाजलेली मला कळलीच नाही, कारण नाकातून हवा जात नव्हती. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी नंतर एक युक्ती शिकवली: ओठ मिटून ठेवायचे आणि आतल्या आत जांभई द्यायची, जबडा आणि जीभ खाली ओढत. तोंडात पोकळी होते, नाकातून थोडी हवा आत ओढली जाते आणि वास येतो. बाजारात मी असं करतो तेव्हा मासळीवाल्या बायकांना वाटतं म्हातारा पेंगतोय.

मग दुरुस्तीची चर्चा झाली. दोन रस्ते होते. एक, मांडीची कातडी-चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट पूर्ण सोडवायची आणि मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. माझ्या शेजारच्या खाटेवर बिहारचा एक पोरगा होता, गालाच्या कॅन्सरचा, त्याचं तसंच केलं होतं. तासातासाला सिस्टर टॉर्च घेऊन यायची, लावलेल्या तुकड्याचा रंग बघायची, मधूनच सुई टोचून येणारं रक्त लाल आहे की काळपट ते पाहायची. रात्री दोनलाही. त्याच्यामुळे माझीही झोप मोडायची, पण त्या पोराने कधी कुरकुर केली नाही. माझ्या मानेतल्या रक्तवाहिन्या मात्र लाईट, शस्त्रक्रिया आणि लाळ या तिघांतून गेलेल्या. त्यांच्यावर जोडकाम करणं धोक्याचं, असं सर्जन म्हणाले.

म्हणून दुसरा रस्ता, छातीचा स्नायू. हासळीच्या हाडाखालून एक रक्तवाहिनी छातीच्या मोठ्या स्नायूत उतरते. ती तोडायचीच नाही. स्तनाग्राच्या आतल्या-खालच्या बाजूचा तळहाताएवढा कातडीचा तुकडा स्नायूसकट उचलायचा, देठ तसाच ठेवून वरच्या वर फिरवायचा, हासळीच्या हाडावरून, कातडीखालून वाट करून मानेत न्यायचा. कातडीची बाजू आत, म्हणजे तीच घशाची भिंत होणार. बाहेरून उघडा राहणारा स्नायू झाकायला मांडीची पातळ कातडी. स्नायू मोठ्या रक्तवाहिनीवरही पसरतो, तिचं रक्षण होतं. १९७९ साली अमेरिकेतल्या एरियन नावाच्या सर्जनने ही पद्धत डोक्या-मानेसाठी मांडली.

आमच्याकडे कोकणात आंब्याचं भेट कलम बांधतात ते मला त्या चित्रात दिसलं. मातृवृक्षाची फांदी तोडत नाहीत, रोप तिच्याजवळ नेतात, दोघांना सोलून बांधतात, आणि जीव धरेपर्यंत फांदी आपल्या आईच्याच रसावर असते. मी पाटीवर 'भेट कलम' लिहून डॉक्टरांना दाखवलं. मोठे सर गुजराती, त्यांना काही बोध झाला नाही. शिकाऊ डॉक्टर पुण्याचे होते, ते हसले आणि म्हणाले, काका, हे तर आपल्याकडचंच आहे. मग त्यांनी कावसजीची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा हा माणूस टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका जाणत्याने त्याच्या कपाळाची कातडी देठासकट खाली फिरवून नाक बसवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आलं. तिथून युरोपातल्या सर्जनांनी उचललं. कपाळ काय नि छाती काय, देठ सोडायचा नाही हे सूत्र तेच. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मला झोप लागली त्यात या कावसजीचा वाटा आहे.

शुद्धीवर आलो तेव्हा मान उजवीकडे किंचित वळवून ठेवली होती, देठावर ताण येऊ नये म्हणून. खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद चिकटवलेला: मानेभोवती काहीही बांधू नये. श्वासाच्या भोकातली नळीसुद्धा फितीने न बांधता टाक्यांनी कातडीला अडकवलेली. हासळीच्या हाडावरून जाणारा तो फुगवटा दाबला गेला तर रक्त थांबणार आणि वरचं सगळं मरणार. कोणी पांघरूण ओढून घ्यायला आलं तरी ही अंगावर धावून जायची.

दुखलं कुठे म्हणाल तर मांडीवर. मानेत सगळं बधिर होतं, छातीला ओढ होती, पण जिथून पातळ कातडी तासून घेतली होती त्या मांडीची आग आग. तिचं ड्रेसिंग लवकर बदलत नाहीत, ते वाळून आपोआप सुटू देतात. सुटायला पंधरवड्याच्या वर लागतो आणि तेवढे दिवस लुंगीची कडसुद्धा सहन होत नाही. कातडी घेतलेले सगळे पेशंट हेच सांगतात. सांगत नाहीत ते डॉक्टर, कारण त्यांच्या लेखी ती किरकोळ जागा.

स्नायूवर लावलेली कातडी आधी जांभळट, मग गुलाबी झाली. एका कोपऱ्यात थोडी लाळ पुन्हा दिसली तेव्हा मी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि दोन दिवस कोणाशी 'बोललो' नाही. ती गळती ड्रेसिंगनेच थांबली. आत आता जिवंत रक्ताचं मांस होतं, त्याने ती भरून काढली. मग क्ष-किरणाखाली औषध प्यायला दिलं आणि पडद्यावर ते सरळ खाली गेलं, बाहेर कुठे रेघ फुटली नाही. राईल्स ट्यूब निघाली. पहिल्यांदा पाणी, मग पेज. पेज गळ्यातून उतरली खरी, पण डाव्या बाजूने उतरल्याचं कळलं, उजवीकडे काहीच नाही. छातीच्या कातडीला गिळण्याची सवय नसते. घशाची मूळ भिंत आकुंचन पावून घास ढकलते, हा तुकडा नुसता उभा असतो. जिभेने मागे लोटायचं, वरून पाण्याचा घोट घ्यायचा, ताठ बसायचं. पंगतीत बसलो तर वाढपी दुसऱ्यांदा येतो तेव्हा माझा वरणभात निम्मा असतो.

काही महिन्यांनी घास अडायला लागला. जिथे छातीची कातडी आणि घशाचं अस्तर एकमेकांना जुळलं होतं तिथे घडी आवळून तोंड अरुंद झालं होतं. भूल देऊन दुर्बिणीतून एकेक जाडीची दांडी सरकवत ते रुंद केलं. पुन्हा आवळलं, पुन्हा केलं. दर वेळी मी घाबरायचो की आजार परत आला, आणि दर वेळी डॉक्टर तुकडा तपासायला पाठवायचे. त्या रिपोर्टाची वाट बघणं मला तरी शस्त्रक्रियेपेक्षा जड गेलं.

आवाजाचं काम यानंतर. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला छोटं भोक पाडून त्यात सिलिकॉनची एकदिशा झडप बसवतात. मानेवरचं श्वासाचं भोक बोटाने झाकून श्वास सोडला की हवा झडपेतून मागे घशात जाते, तिथलं मांस थरथरतं आणि आवाज निघतो. ज्यांचा घसा स्वतःचाच आहे त्यांचा आवाज बरा स्वच्छ येतो. माझा जड आणि ओला येतो, वाक्याच्या मध्येच बुडतो. पहिल्या दिवशी मॅडमनी नुसतं "आ" म्हणायला लावलं आणि मग एक ते दहा. सातच्या पुढे दम पुरला नाही. आता पुरतो. फोनवर मात्र पंचाईत आहे. बँकेच्या बाईंनी दोनदा फोन आपटला, तिसऱ्यांदा म्हणाल्या, तुमच्यासारख्यांची तक्रार करीन.

झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. तिच्यावर बुरशी धरते, मग ती नीट मिटत नाही आणि प्यालेलं पाणी श्वासनलिकेत झिरपून खोकला येतो. परदेशी झडपेला हजारांनी पैसे लागतात. शस्त्रक्रियेचा बराच खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून निघाला होता, झडपेसाठी खिशात हात घालावा लागला. बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची स्वस्त झडप काढल्याचं मी वाचलं आहे. माझ्या घशात ती नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गळते की नाही ते घरी बघायचं तर काहीतरी रंगीत प्या, असं सांगितलं होतं. घरात आमसुलाचं सरबत होतं. खोकल्याबरोबर भोकातून लालभडक थेंब आले आणि हिने शेजाऱ्यांची रिक्षा बोलावली, त्यांना परत पाठवेपर्यंत माझी झडप काही केल्या बोलेना.

खांदा अजून पूर्ण वर जात नाही. मानेतल्या लसिकागाठी काढताना खांद्याची नस दुखावते आणि वर छातीचा स्नायूच जागेवरून गेलेला. भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम रोज करतो, सध्या कॅलेंडरच्या वरच्या खिळ्यापर्यंत पोचतो. जड दार उजव्या हाताने ढकलवत नाही. शिवाय श्वास रोखून धरता येत नाही, कारण रोखायला झाकणच राहिलं नाही; त्यामुळे गॅसचा सिलिंडर उचलणं आणि सकाळचा शौच, दोन्हींत जोर लागत नाही. एरंडेल आणि पपई यांच्याशी सख्य झालं आहे. मानेवरचा फुगवटा सुरुवातीला एवढा होता की शर्टाचं वरचं बटण लागायचं नाही. स्नायूला काम नसल्यामुळे तो वाळत गेला, आता बटण लागतं, पण मी लावत नाही. खांदा जोरात हलवला की मानेत काहीतरी फडफडतं. नातवाला ते फार आवडतं, मित्रांना आणून दाखवायला लावतो.

सुट्टीला मुंबईला गेलो की वॉर्डात जातो. शस्त्रक्रियेच्या आधीची माणसं भोवती जमतात. त्यांना आकडे नको असतात, मान बघायची असते. मी बटणं काढतो. छातीवरचा आडवा व्रण, बाजूला ओढलं गेलेलं स्तनाग्र, मानेवरचा वेगळ्या रंगाचा ठिगळ, सगळं दाखवतो. मग प्रश्न येतात: भाकरी खाता येते का? दुधात भिजवून. मटण? रस्सा. मासे? काटा असेल तर नाही. बांगडा सोडला, कोळंबी बारीक करून चालते. आंघोळ कशी करता? भोकावर तळहात धरून, पाणी खांद्यावरून. नदीत उतरणं कायमचं बंद, पाणी सरळ फुफ्फुसात जाईल. शेवटचा प्रश्न कोणी ना कोणी कानाशी येऊन विचारतो, आत काही वेगळं लागतं का?

लागतं. माझ्या छातीवर भरपूर केस होते. दाढीसारखे ते आता घशाच्या आत वाढतात. ज्यांना हा तुकडा बसवल्यावर लाईट मिळते त्यांचे केस झडून जातात. माझी लाईट आधीच होऊन गेलेली, त्यामुळे हे पीक जोमात आहे. भाताचं शीत त्यात अडकतं आणि मी तासभर खाकरत बसतो. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी दुर्बीण घातली, पडद्यावर आम्ही तिघांनी ते पाहिलं, आणि ही म्हणाली, "अहो, हे तर पांढरे झालेत." पुढच्या महिन्यात भूल देऊन ते कापायचे ठरलेत. आमच्या नाक्यावरच्या न्हाव्याला मी हे सांगितलं तर तो विचारतो, डॉक्टर किती घेणार?